मातीच्या भिंतीचा दोष किती?

मण्यार चावलेला माणूस सहसा ‘साप चावला’ म्हणून दवाखान्यात येत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दाटल्यासारखा होतो, पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात, रात्रीचं काहीतरी बाधलं. दाताची खूण शोधूनही सापडत नाही. सूज नसते, आग नसते. कर्जत-खालापूर पट्ट्यात पावसाळ्यात सरकारी रुग्णालयाची रात्रपाळी केलेल्या डॉक्टरला हे चित्र पाठ असते. जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटेची पोटदुखी, मिटू लागलेले डोळे. अशा वेळी आधी मण्यार धरून चालायचे, बाकीची कारणे मागाहून.

पाच वर्षांपूर्वी जुलैमध्ये असाच एक दहा वर्षांचा मुलगा आला. हाकेला ओ देत होता, पण डोळे उघडता येत नव्हते. सर्पविषावरचे इंजेक्शन सुरू केले. श्वास उथळ होऊ लागल्यावर नळी घातली आणि अँबू बॅग दाबत दाबत मोठ्या रुग्णालयात पाठवला. चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून पोरगा परत आला. यंदा तो दहावीत आहे.

त्याचे वडील खालापूर तालुक्यातल्या एका ठाकरवाडीतले. घरामागे परसात त्यांची मातीची एक लहान खोली होती. भाताची कणगी, गवताचे भारे, नांगर-कुदळी असे सामान तिथे असे, आणि घरात पाहुणे आले की मुले तिथे झोपत. त्या रात्री पोरगा तिथेच झोपला होता. नंतर तपासणीला आले तेव्हा वडिलांनी विचारले, “साहेब, त्या खोलीचं काय करू?” मी औषधाच्या चिठ्ठीवरून मानसुद्धा वर न करता म्हणालो, “पाडून टाका. पत्रे लावून पक्की बांधा.”

त्यांनी पाडली. लोखंडी अँगल उभे केले, चारही बाजूंनी पत्रा मारला, वरही पत्रा टाकला. दोन वर्षांनी मे महिन्यात त्याच मुलाच्या आजीला घेऊन तेच वडील आले. म्हातारी असंबद्ध बोलत होती, अंग चटके बसावे तसे तापले होते, घाम नव्हता. ताप १०४ च्या वर. घरात माणसे जास्त म्हणून दुपारची ती पत्र्याच्या खोलीत पडून असायची. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, त्यातली एक लघवी वाढवणारी. उष्माघाताला आणखी काय हवे? ओल्या चादरी, पंखा, सलाइन असे सगळे करून ती दोन दिवसांत शुद्धीवर आली. मुलगा एवढेच म्हणाला, “तुमीच सांगितलं व्हतं ना पत्रा लावा.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते मला जास्त लागले.

मी पाडायला सांगितलेली खोली मी पाहिलेलीच नव्हती. मग उशिरा का होईना, चौकशी केली.

खोली होती कुडाची. आपल्याकडे कुड म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवे. सह्याद्रीच्या उतारांवर कारवी नावाचे झुडूप दाट वाढते. सात-आठ वर्षांतून एकदा सगळी कारवी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. तिच्या सरळ, अंगठ्याएवढ्या जाड काठ्या कापून मेढींच्या मध्ये उभ्या लावतात, आडव्या कामट्यांनी घट्ट बांधतात आणि दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा लेप देतात. ठाकर आणि कातकरी वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या अशाच भिंती उभ्या राहिल्या. त्या हलक्या असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात ज्या घरांनी हजारो बळी घेतले, ती दगड आणि मातीच्या जाडजूड भिंतींची, वर मातीच्या धाब्याचे ओझे असलेली होती. ‘मातीचे घर’ या एका शब्दाखाली हे दोन अगदी वेगळे प्रकार आपण एकत्र कोंबतो.

या कुडाच्या खोलीला साप लागायच्या तीन-चार वर्षे आधी कोणीतरी सल्ला दिला, की आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करा, म्हणजे दरवर्षी सारवायला नको. गोम इथे होती. मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते, तशी किंचित फुगते आणि आकसते. सिमेंट ताठ असते, ते तिच्याबरोबर हलत नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्याला बारीक चिरा पडतात, चिरांमधून पाणी आत जाते आणि ते बाहेर पडायला वाट नसते. आतली माती भुसभुशीत होऊन खाली बसते आणि वरचा सिमेंटचा पापुद्रा जागच्या जागी उभा राहतो. बोटाने ठोकले तर पोकळ वाजतो. वडिलांना मी विचारले, “वाजत होती का भिंत?” म्हणाले, “डमरूसारखी.” त्या पोकळीत, बुंध्याशी, उंदरांनी बिळे केली होती, कारण शेजारीच कणगी. उंदीर, पाली, बेडूक जिथे असतात तिथे त्यांना खाणारा येतोच. मण्यार तर दुसरे सापही खाते. अंधारी, दमट, अरुंद फट आणि हाताशी अन्न, असे घर तिला आपणच बांधून दिले होते. आणि तिच्यापासून दोन हातांवर गोधडी.

भेगांचा हा विषय जगभरचा आहे. १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये कार्लोस शागास या डॉक्टरने एक रोग शोधला, जो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. तो पसरवणारा ढेकणासारखा कीटक मातीच्या भिंतींच्या भेगांमध्ये राहतो आणि रात्री झोपलेल्या माणसाला चावतो. बिहारमधल्या काळ्या आजाराची वालुमाशीही भिंतींच्या दमट भेगा धरून असते. दोन्हीकडे भिंती नीट लिंपणे हा रोग आटोक्यात ठेवण्याचा एक भाग आहे. आपल्या रायगडमध्ये फटीतला रहिवासी म्हणजे लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या विंचवाच्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम आणि त्यावर प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवला. १९८६ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आम्ही आज विंचूदंशाचे रुग्ण वाचवतो ते त्या कामामुळे. पण विंचवाला फट मिळू नये, ही तजवीज गोळीच्याही आधीची.

तर त्या वर्षी पावसाळा संपल्यावर ठरले, की पत्र्याची खोली मोडायची आणि आजीसाठी मातीची नवी बांधायची. दहा बाय बारा फुटांची. घरकुल २५ चौरस मीटरचे आणि माणसे सात, तेव्हा परसात एक खोली ही या कुटुंबाची चैन नव्हे. बांधायला वाडीतलेच एक वयस्कर बाबा होते, ज्यांनी आयुष्यात किती कुड बांधले याची गणती त्यांनाही नाही. माझे काम रविवारी जाऊन शंका काढण्याचे.

पहिली शंका जागेची. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तेव्हापासून उताराकडे पाहण्याची आमची नजर बदलली आहे. डोंगर सुटून आला तर कुड काय आणि काँक्रीट काय, सारखेच. त्यामुळे बाबा आणि मी आधी वरच्या अंगाला हिंडून आलो. जमिनीला लांब भेग पडली आहे का, झाडे एका बाजूला कलली आहेत का, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ येते का. तसे काही नव्हते. तरीही खोली उताराच्या टोकापासून जमेल तेवढी अलीकडे घेतली आणि वरून येणारे पाणी वळवायला चर खणला.

मग माती. खाचरातली माती चिकट, लिंपायला सोपी, पण वाळताना फार आकसते. चिकणमातीचे कण पत्त्यांसारखे चपटे असतात आणि त्यांच्या थरांमध्ये पाणी असते. पाणी उडून गेले की पत्ते एकमेकांजवळ सरकतात आणि भिंत तडकते. वाळूचे आणि मुरमाचे कण आकसत नाहीत, ते सांगाड्यासारखे काम करतात. मी काचेची बरणी घेऊन गेलो होतो. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवायचे आणि ठेवून द्यायचे. वाळू लगेच तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती सर्वांत शेवटी, आणि थरांवरून प्रमाण कळते. बाबांनी माझी बरणी कौतुकाने पाहिली, मातीची एक वळी करून बोटाला गुंडाळली, एक टिक्की थापून उन्हात ठेवली आणि म्हणाले, “तीन पाट्या हिच्या, दोन मुरमाच्या.” दुसऱ्या दिवशी बरणी साधारण तेच सांगत होती.

मातीत भाताचा पेंढा तोडून घातला, तूस घातले, शेण घातले आणि आठवडाभर मुरत ठेवली. पेंढ्याचे काम असे, की एक मोठी भेग पडण्याऐवजी केसासारख्या अनेक बारीक रेषा पडतात, ज्या पुढच्या हातात बुजतात. शेणात बारीक तंतू असतात आणि त्याला चिकटपणाही असतो. पण डॉक्टर म्हणून शेण शब्द ऐकला की मला धनुर्वात आठवतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत नाळेला शेण किंवा राख लावलेली बाळे आम्ही पाहिली आहेत. माता आणि नवजात बालकांमधल्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, ते लसीकरण आणि दवाखान्यातली बाळंतपणे वाढल्यामुळे. त्याचे जंतू माती-शेणातून गेलेले नाहीत. वाळलेल्या भिंतीतले शेण कोणाला काही करत नाही. धोका असतो तो गारा तुडवणाऱ्याच्या भेगाळलेल्या टाचेला आणि कामटीने कापलेल्या बोटाला. म्हणून तुडवायला उतरणाऱ्या पाचही जणांना आधी लस दिली. बाबा म्हणाले, चाळीस वर्षं तुडवतोय, पहिल्यांदाच सुई घेतली. काम जानेवारीत काढले त्यालाही हेच कारण. पावसाळ्यातल्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसची भर पडते, आणि तशीही तेव्हा भिंत वाळत नाही.

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात मातीच्या घरांची जुनी परंपरा आहे. तिथे म्हणतात, मातीच्या भिंतीला चांगली टोपी आणि चांगले बूट द्या, मग ती टिकते. तिथला पाऊस आपल्या पावसासमोर म्हणजे शिंतोडे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. तेव्हा बूट म्हणून दोन फूट उंच काळ्या दगडाचे जोते घेतले, म्हणजे पागोळ्यांचे पाणी उसळून मातीला लागत नाही, वाळवीला आणि उंदराला चढण पडते. टोपी म्हणून मोठे पाखे घेतले. पश्चिमेकडून झड येते, त्या बाजूची वळचण तीन फूट बाहेर काढली.

छपरावर वाद झाला. बाबांना गवत हवे होते, ते सगळ्यांत थंड. मला नको होते. दर एक-दोन वर्षांनी शाकारायला माणसे मिळत नाहीत, आणि विंचू-उंदरांना गवतासारखा आसरा नाही. शिवाय पूर्वी घरात चूल पेटायची, तिच्या धुराने गवत आणि वासे किडीपासून वाचायचे. आता गॅस आला. बायकांच्या फुप्फुसांसाठी याहून चांगली गोष्ट या भागात झालेली नाही, पण धूर गेल्यावर लाकडात भुंगे शिरू लागले, हेही खरे. शेवटी जुनी मंगलोरी कौले विकत घेतली. वाश्यांना जळके ऑइल फासायचा बेत होता, तो मी हाणून पाडला. झोपायच्या खोलीत ते नको. त्याऐवजी काजूच्या टरफलांचे तेल लावले. तेही कातडीला लागले तर फोड येतात, म्हणून हातमोजे घालून.

खोलीच्या गारव्याचे श्रेय लोक मातीच्या भिंतीला देतात. माझ्या मते अर्ध्याहून जास्त श्रेय छपराचे आहे. पत्रा उन्हात तापतो आणि खाली झोपलेल्या माणसाकडे उष्णता फेकत राहतो. चुलीजवळ हवा फार तापलेली नसतानाही तोंड भाजते, तसेच हे. माणूस वाऱ्यात असला तरी भाजतो. कौले उन्हाची झळ थोपवतात आणि त्यांच्या फटींमधून गरम हवा वर निघून जाते. सहा इंची मातीची भिंत दुपारचे ऊन काही तास उशिरा आत पोचवते, एवढीच तिची मदत, पण नेमके तेच तास महत्त्वाचे. रायगडमध्येच, भिरा इथे, मार्च २०१७ च्या अखेरीस पारा ४६.५ अंशांवर गेला होता, तेव्हा ‘कोकणात कसला उष्माघात’ हे बोलणे आता सोडायला हवे. इथे हवा दमट, घाम वाळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला तहानही कमी लागते.

जमिनीबाबत मात्र मी मातीच्या बाजूने नाही. सारवलेली जमीन डोळ्यांना सुंदर दिसते, पण रांगत्या पोरांच्या पोटात जंत जातात ते तिथूनही. मेक्सिकोत सरकारने गरीब घरांतल्या मातीच्या जमिनी सिमेंटच्या करून दिल्या. त्या घरांतल्या मुलांमध्ये जंत, जुलाब आणि रक्तक्षय लक्षणीय कमी झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. रवांडात मातीचीच जमीन ठोकून तिच्यावर जवसाच्या तेलाचा लेप देतात, ती धुता येते. आम्ही सोपा मार्ग घेतला. मुरूम धुमसून त्यावर शहाबादी फरशी. भिंत मातीची आणि पायाखाली दगड, ही तडजोड मला पटते. शुद्ध मातीवाल्यांना ती पटणार नाही.

लिंपण तीन हातांत झाले. पहिला हात जाड, लांब पेंढ्याचा. तो मुद्दाम तडकू दिला. दुसरा त्या भेगांत दाबून भरला. तिसरा बारीक चाळलेल्या मातीचा, आणि तो वाळल्यावर चुन्याची सफेदी. सिमेंट कुठेच नाही. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्यावर बुरशी सहज धरत नाही. फक्त डोळ्यांत उडू देऊ नये. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून डोळा गमावलेली मुले आमच्या नेत्रविभागाला नवी नाहीत. उडालाच तर चोळायचे नाही, स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास धरायची आणि मग दवाखाना गाठायचा.

उरलेले सगळे मण्यारीसाठी. दाराला उंच उंबरा आणि दाराखाली करंगळीही जाणार नाही एवढीच जागा. समोरासमोर दोन खिडक्या, बारीक जाळीच्या. कणगी खोलीतून बाहेर काढली, भात आता पत्र्याच्या कोठीत, स्टँडवर, पलीकडच्या पडवीत असते. पत्रा कुठे वापरावा तर तिथे! आजीला खाट आणि खाटेला मच्छरदाणी, चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. नेपाळच्या तराईत केलेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले होते. ज्याला खाट परवडत नाही त्यानेही निदान एवढे करावे. आणि पहाटे पोट दुखून पापण्या जड झाल्या, तर भगताकडे न जाता, बांधाबांध-कापाकापी न करता १०८ ला फोन.

दोन उन्हाळे आजी त्या खोलीत राहिली. गोळ्याही मी बदलून दिल्या, तेव्हा सगळे श्रेय खोलीला देणे बरोबर होणार नाही. एप्रिलमधल्या एका दुपारी मी शेजारच्या घरकुलात, सिमेंटच्या पत्र्याखाली बसलो आणि मग तिच्या खोलीत गेलो, तेव्हा शर्ट पाठीला चिकटायचा थांबला, एवढे सांगू शकतो.

यंदाचा तिसरा पावसाळा. गेल्या आठवड्यात उघडीप होती म्हणून जाऊन आलो. वानरांनी एक कौल फोडले होते आणि त्याखाली पश्चिमेच्या भिंतीला हातभर ओल येऊन लिंपण ढासळले होते, कारवी उघडी पडली होती. बाबांनी कौल बदलले होते. पोरगा पाटीत माती-पेंढा कालवत बसला होता, कोपरापर्यंत माखलेला. मी म्हटले, “काय रे, दहावीचं वर्ष ना? अभ्यास सोडून हे काय?” खाटेवरून आजीनेच उत्तर दिले, “अभ्यास कुठं पळतोय, डाक्टर. आधी भोक बुजू दे.”